टाकोच्या खिम्यात दोन मोठे चमचे लाल तिखट घालायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत चिकन खिमा टाकोजची (टाको म्हणजे पोळीत सारण भरून दुमडलेला मेक्सिकन पदार्थ) रेसिपी आलीये ती मी इकडे टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोत, ई-पेपरवर वाचली. मराठी पेपरात टाको आला याचा खरंच आनंद झाला. पण रेसिपीतल्या दोन ओळी अशा आहेत की कुणी तंतोतंत तसं केलं तर एकतर पोरं रडतील नाहीतर घरात कुणाचं तरी पोट बिघडेल, म्हणून लिहितेय. पत्र लांबणारे. जागा नसेल तर बाकीचं कापा, पण तिखटाचं आणि खिमा धुण्याचं कापू नका प्लीज.

आधी तिखट. साडेचारशे ग्रॅम खिम्याला "लाल तिखट २ मोठे चमचे" असं छापलंय. आता इकडच्या रेसिप्यांमध्ये एक पाउंड खिम्याला साधारण दीड-दोन टेबलस्पून चिली पावडर असतेच आणि ते बरोबरही आहे, कारण इकडे चिली पावडरची म्हणून जी बाटली मिळते तिच्यात नुसती मिरची नसते, सौम्य सुक्या मिरचीची पूड, जिरेपूड, ओरेगानो, लसूण पावडर आणि काही ब्रँडमध्ये मीठसुद्धा असतं. तो तयार मसाला आहे. त्यातली मिरची पण बहुतेक वेळा आंचो, म्हणजे पोब्लानो जातीची मिरची झाडावर लाल होऊ देऊन वाळवलेली, जिचा तिखटपणा स्कोव्हिल मापात १००० ते २००० च्या आसपास येतो. हालापेन्यो, जी खाऊन इकडची लोकं पाणी मागतात, ती २५०० ते ८००० मध्ये. आपल्याकडच्या गुंटूर किंवा लवंगीचं माप दहा हजारांच्या पुष्कळच पुढे जातं. म्हणजे तुमच्या रेसिपीप्रमाणे नाशिक-सांगलीच्या घरात कुणी रोजच्या डब्यातलं तिखट दोन मोठे चमचे भरून घातलं तर काय होईल ते तुम्हीच बघा, आणि वर लिहिलंय "मुलांसाठी झटपट डिनर".

हा मसाला खरं तर आमच्याच भागातला. सॅन अँटोनियोजवळ न्यू ब्राउनफेल्स म्हणून जर्मन लोकांनी वसवलेलं गाव आहे, तिथे विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात सुक्या मिरच्या दळून त्यात जिरं-ओरेगानो वगैरे मिसळून बाटलीत भरून विकायला सुरुवात केली, पुढे धंदा सॅन अँटोनियोत आणला. त्याच्याही आधीपासून आमच्या इथल्या मिलिटरी प्लाझात रात्री बायका चुली मांडून चिली कोन कार्ने, म्हणजे मिरची घातलेला मांसाचा रस्सा, विकायच्या, त्यांना चिली क्वीन म्हणायचे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोचा चिलीचा स्टॉल होता. तेव्हा टाकोचा म्हणून जो वास आपल्याला माहिती झालाय, मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण एकत्र, तो ह्या टेक्सासच्या स्वयंपाकाचा वास आहे. त्यात जिरं स्पेनवरून आलेलं आणि मिरची मात्र मेक्सिकोकडचीच. तीच मिरची पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली आणि आपल्या ठेच्यापर्यंत पोचली.

मग तिकडे घरी काय घालायचं? मी भारतात आले की आईच्या स्वयंपाकघरात असं करते: साडेचारशे ग्रॅम खिम्याला बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड एक मोठा चमचा सपाट, भाजून कुटलेलं जिरं दीड छोटा चमचा, धणेपूड एक छोटा चमचा, ओरेगानो एक छोटा चमचा, आणि घरचं नेहमीचं तिखट पाव छोटा चमचा, तेही लहान मुलं जेवणार नसतील तरच. आंचोला मनुकांसारखी गोडूस चव असते ती बेडगीत नाही म्हणून नखाएवढा गूळ. गूळ हे माझं, मेक्सिकोतलं नाही, पण साखरेपेक्षा तो जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे. ओरेगानो घेताना मात्र पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरू नका, त्यात मीठ, मिरची, लसूण असं बरंच काही मिसळलेलं असतं, किराणा दुकानात सुका ओरेगानो वेगळा मिळतो तो घ्या. मेक्सिकन ओरेगानो मिळाला तर फारच छान. ती वनस्पतीच वेगळी आहे, इटालियन ओरेगानो आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातला आणि मेक्सिकन घाणेरीच्या कुळातला, त्याचा वास जास्त उग्र आणि जरा लिंबासारखा. नाही मिळाला तर साध्याने भागतं.

गरम मसाला आणि हळद तुमच्या रेसिपीत आहे, ती काढा. मी सोवळं पाळणारी नाहीये ह्या बाबतीत, मेक्सिकोत पिकादियो म्हणजे खिम्याचा जो प्रकार करतात त्यात काही घरांत दालचिनी, लवंग, मनुका, बदाम घालतात, त्यामुळे दालचिनीचा तुकडा पडला म्हणून काही बिघडत नाही. पण वेलची, शहाजिरं, दगडफूल, आलं-लसूण पेस्ट, हळद हे सगळं एकदा पडलं की तो खिमा पावाबरोबर खायचा खिमा होतो. तो मला प्रचंड आवडतो, मुंबईत उतरल्यावर मी आधी इराण्याकडे जाते. पण मग त्याला खिमा-चपाती रोल म्हणा ना, मुलांना टाको म्हणून तेच वाढलं तर त्यांना वेगळं काही खायला मिळालंच नाही, आणि नवीन पदार्थ करायचा तो वेगळी चव मिळावी म्हणूनच ना?

आता दुसरी ओळ, जी मला जास्त काळजीची वाटते. "खिमा चाळणीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवून घ्या." आपल्याकडे मांस-मच्छी धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, मलाही लहानपणापासून तेच शिकवलंय आणि त्यामागे बाजारातली धूळ-माती हे खरं कारण होतं. पण कोंबडीच्या कच्च्या मांसावर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात, ते नळाच्या पाण्याने जात नाहीत, उलट धुताना जे तुषार उडतात ते सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर आणि टोमॅटोवर जातात, आणि टाकोमध्ये तर हीच कोथिंबीर आणि हाच टोमॅटो आपण कच्चा खातो! म्हणून अमेरिकेचं कृषी खातं कोंबडी किंवा टर्की (कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी) अजिबात धुवू नका असंच सांगतं. खिम्याच्या बाबतीत तर अजूनच, कारण अख्ख्या पीसमध्ये जंतू मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर असतात पण दळल्यावर ते सगळीकडे मिसळतात, मग धुणार काय आणि किती. शिजवणं हाच त्याच्यावर उपाय. कोंबडी-टर्कीचा खिमा आतपर्यंत १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियसला पोचला पाहिजे, आणि रंगावर जाऊ नका, टर्की कधी कधी पूर्ण शिजूनही गुलाबीसर दिसते आणि कधी कच्ची असतानाच पांढरी पडते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर सगळे गोळे नीट फोडून घ्या आणि पुढे सांगते तसं पाणी घालून सगळीकडून खदखदून उकळी येऊ द्या आणि काही मिनिटं तशीच चालू ठेवा.

आणि जर तिकडे दुकानातल्या मशिनवर विश्वास नसेल, जे मी समजू शकते, तर चिकनवाल्याकडून लेग बोनलेस घ्या, घरी आणून कागदाने टिपून कोरडं करा, तुकडे करून वीसेक मिनिटं फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या आणि मिक्सरच्या भांड्यात थोडं थोडं घेऊन बटण चालू-बंद करत फिरवा. गार असलं की लगदा होत नाही. भांडं लगेच साबणाने गरम पाण्यात धुवा. लेगचंच सांगतेय हे महत्त्वाचं. चिकनवाला न सांगता ब्रेस्टचा खिमा देतो कारण बहुतेक गिऱ्हाईक तेच मागतं, पण ब्रेस्टमध्ये चरबी जवळपास नाही आणि त्याचा खिमा कोरडा, चावायला रबरासारखा होतो, मग लोक म्हणतात चिकनच्या टाकोत मजा नाही. इकडे टर्कीच्या पाकिटावर लिहिलेलंच असतं, ९९ टक्के लीन (म्हणजे बिनचरबीचं), ९३ टक्के लीन, ८५ टक्के लीन. ९९ वालं नुसतं ब्रेस्टचं असतं, ते मी टाकोसाठी घेत नाही. ९३ वालं रोजच्यासाठी ठीक, ८५ वालं चवीला सगळ्यात चांगलं. वजनाच्या काट्याकडे बघणारी मंडळी ९९ घेतात आणि मग वरून भरमसाट चीज घालतात, त्यापेक्षा चरबी खिम्यातच असू दे, मसाला तिच्यात विरघळतो.

टर्कीबद्दल सांगायचं कारण असं की इकडे आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांत बीफ येत नाही, आणि शाळेतून मुलं टाको टाको करत घरी येतात, तेव्हा टर्कीचा खिमा हाच सगळ्यात सोपा मार्ग असतो. आता अमेरिकन घरांतही तो वाढलाय, आधी तब्येतीच्या नावाखाली आणि अलीकडे बीफ महाग झालंय म्हणून, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या गुरांची संख्या १९५१ नंतरची सगळ्यात कमी भरली होती. पण कुणी टर्कीला बीफची स्वस्त नक्कल म्हटलं की मला ते पटत नाही. टर्की हा मुळात मेक्सिकोचाच पक्षी, तिथल्या लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच पाळीव केला, गाय, डुक्कर आणि कोंबडी सगळं स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आलं. मेक्सिकोतल्या पुएब्लाचं प्रसिद्ध मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, आजही टर्कीबरोबर करतात. म्हणजे मक्याच्या पोळीत टर्की हे बीफपेक्षा फार जुनं नातं आहे. महाराष्ट्रात टर्की सहज मिळत नाही म्हणून कोंबडी घ्या, पद्धत तीच, फक्त कोंबडीचा लेग थोडा जास्त रसदार असतो त्यामुळे तुमचं काम उलट सोपं.

आता करायचं कसं ते. इथे तुमच्या रेसिपीत "सर्व साहित्य एकत्र करून झाकण ठेवून १५ मिनिटे शिजवा" एवढंच आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान ह्या एका वाक्याने होतं.

कोंबडीच्या खिम्यात पाणी खूप. तो गरम भांड्यात पडला की पाणी सोडतो आणि झाकण ठेवलं की ते पाणी तिथेच राहतं, मग खिमा भाजला जात नाही, उकडला जातो, करडा, बेचव, दातात भरणारा. खमंगपणा यायला पृष्ठभाग कोरडा आणि कडकडीत तापलेला लागतो. म्हणून रुंद भांडं घ्या, खोल कढई नको, बिडाचा मोठा तवा असेल तर त्याच्यासारखं काही नाही. तो चांगला तापू द्या, एक मोठा चमचा तेल, खिमा पसरून चपटा दाबा आणि मग हात मागे घ्या. आपल्याला सतत उलथनं फिरवायची सवय असते, ते करायचं नाही. तीन-चार मिनिटं त्याला अजिबात हलवू नका. खालून तपकिरी सुटला की उलथा, परत थोडा वेळ तसाच सोडा आणि मग उलथन्याच्या कडेने फोडायला लागा. फोडतानाही अगदी रवाळ करू नका, मटारच्या दाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत, टाकोमध्ये खिम्याचा दाणा जाणवला पाहिजे. एक किलो खिमा असेल तर दोन घाणे करा, एकदम घातला की परत पाणीच पाणी. सगळा खिमा तपकिरी व्हायची वाट मात्र बघू नका, तोवर तो कोरडा ठक्क होतो. एक बाजू चांगली भाजली की पुरे.

एक गोष्ट अजून, ज्यांना ब्रेस्टचाच खिमा घ्यावा लागतो त्यांच्यासाठी. साडेचारशे ग्रॅमला पाव छोटा चमचा खायचा सोडा एक चमचा पाण्यात विरघळवून खिम्याला चोळा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते आणि शिजताना त्याचे धागे तितके आवळत नाहीत, त्यामुळे पाणी आत राहतं आणि भाजलंही लवकर जातं. पाव चमचाच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

खिमा भाजला की बाजूला सारा किंवा काढून ठेवा, त्याच भांड्यात बारीक चिरलेला एक मध्यम कांदा, तो मऊ झाला की चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून. आणि मग मसाला, कोरड्या खिम्यावर भुरभुरवायचा नाही, तेलात पडला पाहिजे. तेल कमी वाटलं तर अजून एक चमचा घाला. हे मराठी माणसाला समजवायची गरज नाही, आपण जन्मभर फोडण्या करतोय, पण अमेरिकन पाकिटावरच्या सूचनेत खिमा शिजवा, चरबी गाळून टाका, पाकीट ओता, पाणी घाला असं लिहिलेलं असतं आणि तिकडच्या बऱ्याच रेसिप्या त्यावरूनच उतरवलेल्या असतात, मसाला कच्चा लागतो तो त्यामुळे. गॅस बारीक करून मसाला तेलात अर्धा मिनिट, वास सुटेपर्यंत. बेडगीची पूड पटकन करपते तेवढं सांभाळा. लगेच एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, नसेल तर अर्धी वाटी टोमॅटो प्युरी घालून तेल सुटेपर्यंत परता, आता खिमा परत टाका, चवीपुरतं मीठ, आणि अर्धा कप चिकन स्टॉक किंवा साधं पाणी. झाकण न ठेवता उकळी आणा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं आटवा. पाण्याने भांड्याला चिकटलेलं सगळं तपकिरी सुटून रश्शात येतं, चव तिथे आहे, ते खरवडून घ्या. खिमा ओलसर, मसाल्याला धरून असलेला पाहिजे पण उचलल्यावर थेंब गळता कामा नये, नाहीतर टाकोचं बूड फाटून सगळं हातावर येतं.

गॅस बंद केल्यावर आंबट. हे तुमच्या रेसिपीत नाहीच आहे आणि ह्याच्याशिवाय कोंबडी-टर्कीचा खिमा सपक लागतो, कारण बीफसारखी त्याची स्वतःची दणकट चव नाही. दोन छोटे चमचे व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस, आणि तो गुळाचा खडा. इथे चाखून बघा, मीठ कमी वाटतंय असं वाटलं तर आधी लिंबू वाढवून बघा आणि मगच मीठ. आमच्या शेजारच्या मेक्सिकन आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्या पिकादियोमध्ये उकडलेल्या बटाट्याच्या छोट्या फोडी घालतात, तेवढ्याच खिम्यात दोन माणसं जास्त जेवतात आणि बटाटा मसाला धरून ठेवतो. मी पाहुणे वाढले की तेच करते. मसूरसुद्धा चालतो, शिजवून एक वाटी.

पाकिटातला तयार टाको मसाला आणायचा का असं मला तिकडच्या बहिणी विचारतात. आणा, घाईला ठीक आहे, पण मागची यादी वाचा, मिठाचं प्रमाण भरपूर असतं आणि घट्टपणासाठी स्टार्च घातलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ घालायच्या आधी चव घ्या. घरचा मसाला करायला पाच मिनिटं लागतात, मी तरी पाकीट आणत नाही.

आता टॉर्टिया, म्हणजे टाकोची पोळी, त्याबद्दल. "कॉर्नफ्लोअर आणि मैदा समप्रमाणात मळून पोळ्या लाटा" असं दिलंय, ह्याने टॉर्टिया होणार नाही. भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी शुभ्र पावडर मिळते ती मक्याची निव्वळ स्टार्च, मंच्युरियनला लावायची. खरा टॉर्टिया ज्या पिठाचा होतो ते वेगळंच, मका चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर भिजत ठेवतात, साल सुटतं, मग धुवून ओलाच दळतात. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने पीठ लवचीक होतं, पोळी दुमडल्यावर तुटत नाही, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपात मका गेला पण चुन्याची रीत गेली नाही, आणि जी गरीब माणसं फक्त मक्यावर जगली त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग पसरला, इतका त्या चुन्याचा फरक आहे. मसा हारिना नावाने ते सुकं पीठ मिळतं, मिळालं तर कोमट पाण्यात मळून भाकरीसारखंच तव्यावर भाजा. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी दुमडली की चिरते, टाकोला नको. त्यापेक्षा सरळ कणकेचे पातळ छोटे फुलके घ्या, अजिबात कमीपणा नाही त्यात, उत्तर मेक्सिकोत आणि आमच्या टेक्सासमध्ये गव्हाचेही टॉर्टिया सर्रास खातात, पिठात थोडी चरबी किंवा तेल घालून. मळताना दोन चमचे तेल घाला, झालं.

रेसिपीच्या वर "अस्सल मेक्सिकन" असं लिहिलंय तेही जरा बदला. तळून कडक केलेल्या टॉर्टियात, म्हणजे शेलमध्ये, खिमा, लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं पिवळं चीज ही मांडणी अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्तीतून आलेली आहे. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मित्ला कॅफे म्हणून मेक्सिकन कुटुंबाचं हॉटेल १९३७ पासून आहे, तिथे असे टाको मिळायचे. समोरच्या बाजूला ग्लेन बेल नावाच्या माणसाचा हॉटडॉगचा स्टँड होता, तो ते बघून शिकला आणि १९६२ मध्ये त्याने टाको बेल ही हॉटेलांची साखळी काढली. शेल एकाच वेळी अनेक तळायच्या साच्याचं पेटंटही न्यूयॉर्कमधल्या हुवेन्सियो माल्दोनादो ह्या मेक्सिकन हॉटेलवाल्याला १९५० मध्ये मिळालं होतं, म्हणजे टाको बेलच्या कितीतरी आधी. ज्यांनी खरं काम केलं त्यांची नावं कुणाला माहीत नसतात म्हणून मुद्दाम लिहितेय, पुढच्या वेळी चौकटीत ही नावं द्या. खिम्याचा टाको कमी दर्जाचा आहे असं मला म्हणायचं नाहीये, तो ह्या लोकांच्या कष्टातून आलेला पदार्थ आहे आणि टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या लाखो मेक्सिकन-अमेरिकन घरांत आजही रात्रीचं जेवण तेच असतं.

वरून काय घालायचं ते तुमच्या मर्जीने, फक्त मेयोनीज आणि केचप नको, मसाल्याची चव पार मरून जाते. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ एवढी कोशिंबीर पुरते, वर घट्ट दही चमचाभर, परवडलं तर अॅव्होकाडो. कोबी अगदी बारीक चिरून लेट्यूसपेक्षा छान लागतो.

उरलेल्या खिम्याचंही दोन ओळीत छापा, कारण हा पदार्थ बायका सकाळच्या डब्यासाठी हमखास जास्त करून ठेवतात. शिजलेला खिमा बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये आणि हवा ३२ सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात एक तासच धरा. पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, परत गरम करताना थोडं पाणी शिंपडून चांगली वाफ येऊ द्या. कच्चा खिमा मात्र आणल्यापासून एक-दोन दिवसांतच करून टाका, नाहीतर लगेच फ्रीझरमध्ये.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा, आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यात नको. लाल तिखट दोन मोठे चमचे हे काढून बेडगी किंवा काश्मिरी पूड एक मोठा चमचा सपाट आणि घरचं तिखट पाव छोटा चमचा असं करा, आणि खिमा धुवायची ओळ पूर्ण काढा. आणि परदेशी रेसिपी मराठीत आणताना छापायच्या आधी कुणाकडून तरी एकदा भारतातल्या सामानात, भारतातल्या गॅसवर करून घ्या, पुरवणीत तेवढं बजेट नसेल तर मी इकडून मेलवर प्रमाणं तपासून द्यायला तयार आहे, मानधन नको.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
सॅन अँटोनियो, टेक्सास